सातकड्याचा ससाणा

एका राज्यात राजा चंडकेतूच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष चालू होते. ऋतू हेमंत, तिथी पौष वद्य पंचमी. त्या दिवशी सातकडा प्रांताने खेमाजीला नायक निवडले, आणि खेमाजीची जीभ दगड झाली.

सातकडा डोंगरी प्रांत. आपला नायक आपण निवडायचा, हा त्याचा जुना हक्क. राजालाही तो मान्य. पण सभेच्या शिळेवर राजाचा ससाणा बसे. सभा नाव घेई, ससाणा मान डोलावी, मग नायक होई. या वेळी त्याने मान डोलावली नाही, म्हणून खेमाजीची जीभ दगड झाली.

खेमाजीची बहीण भिवरा राजधानीस गेली. दगड भावाच्या गळ्याखाली उतरू लागला होता. छातीला पोचला की संपले.

"महाराज, आपला पक्षी परत घ्या."

"मी पाठवला नाही," राजा म्हणाला. "तुमच्या दोन घराण्यांत नायकीचे भांडण होते. तुमच्यातल्याच एकाने तो उसना नेला आणि परत केला नाही, म्हणून तो आता मान डोलावत नाही. उसने फेडायला तीन गोष्टी लागतात. तो बसतो त्या शिळेचा तुकडा. दोन्ही घराण्यांनी एका ताटात खाल्लेल्या भाताचा घास. या दोन त्याच्या पायाला बांध. तिसरी, ज्याने मागितला त्याची वाचा. ती आपणहून दिली तर पक्षीच उचलील."

भिवरा परतली. तिने शिळेवर घण घातला. शिळेतून रक्त आले, तुकडा निघाला.

भात अवघड गेला. एका घराण्याचा वडील तिचा बाप धारोजी, दुसऱ्याचा रांगोजी. दोघे एकमेकांकडे न पाहता ताटाशी बसले.

"भात कच्चा आहे," रांगोजी म्हणाला.

"तांदूळ तुमच्या शेतातले," धारोजी म्हणाला.

"चूल तर तुमची."

"जेवा," भिवरा म्हणाली. "माझा भाऊ मरतो आहे."

दोघे जेवले. तिने घास उचलून ठेवला.

आता वाचा उरली. पक्षी धारोजीच्या घराण्याने आणला, असे रांगोजीचे लोक म्हणत. धारोजीचे लोक उलट म्हणत. भिवराने सभेत ससाण्यालाच विचारले.

"तुला कोणी मागितले?"

"तुझ्या बापाने. नायकी रांगोजीकडे जात होती. मी आलो, ती याची झाली."

सभा धारोजीकडे वळली. रांगोजी हसला नाही.

"आबा, खरे?"

"खरे," धारोजी म्हणाला. "वाटले, एका वेळेपुरता ठेवू, मग परत करू."

"मग?"

"मग सवय झाली."

खेमाजीचा श्वास घरघरू लागला होता. भिवराने तुकडा आणि घास ससाण्याच्या पायाला बांधले. धारोजी उठला.

"रांगोजी, नायकी तुमची होती," एवढे बोलून तो शिळेपाशी गेला आणि त्याने तोंड उघडले. ससाण्याने चोच आत घातली, वाचा उचलली आणि तो राजधानीकडे उडाला.

खेमाजी खोकला. तोंडातून वाळू पडली. सभेने पुन्हा त्याचेच नाव घेतले. मान डोलवायला शिळेवर कोणी नव्हते. तो नायक झाला. धारोजी पुन्हा कधी बोलला नाही.

उसने फिटले.