पाच सिनेमे बघून आलेला निवरू

एका गावात निवरू नावाचा एक भोळा पोरगा होता. भोळा हा गावाचा शब्द. आई त्याला सरळ म्हणायची. मामा काय म्हणायचा, ते लहान मुलांसमोर सांगता येत नाही.

या मामाचा सिनेमाचा तंबू होता. जत्रा असेल त्या गावी तो तंबू ठोकायचा. त्याला एकच मुलगी, शालन. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही त्या मुलखाची रीत, आणि निवरूचा शालनवर जीव होता. मामाचा मात्र निवरूवर अजिबात नव्हता. तरी बहिणीनं फारच धोशा लावला, तेव्हा निवरूच्या गावच्या जत्रेत त्यानं अट घातली. पाच दिवस, पाच सिनेमे. मामाच्या मागच्या गावच्या मुक्कामात निवरूनं पाचही बघितले होते. त्यानं रोज पारावर बसून लोकांना आपलं मत सांगायचं. एकदा जरी तंबू गच्च भरला, तर शालनची सुपारी निवरूशी फुटेल. नाही भरला, तर दुसरं स्थळ तयारच होतं.

निवरू खूश झाला. मत देण्यात अवघड ते काय? गावात सिनेमा न बघितलेले लोकही देत होते.

पहिल्या दिवशी खुनाचा सिनेमा होता. मामानं बजावलं की बघितलंस तसं सांग, काही लपवू नको. पारावर हणमंतआण्णा बसले होते. ते गावातले मोठे. त्यांनी विचारलं, सिनेमा कसा काय?

"झकास," निवरू म्हणाला. "खून दिवाणजीनं केलाय. सुरा तुळशीच्या कुंडीत हाय. आन् हिरो म्हंजी मालकाचाच हरवलेला ल्योक, हातावरच्या गोंदणावरनं कळतंय."

आण्णांनी मान डोलावली. दोघाचौघांनी शंका विचारल्या, त्या निवरूनं दूर केल्या. संध्याकाळी सगळे जेवून आपापल्या घरी पडले. बघायचं राहिलं होतं काय? तंबूत तिघं आले, त्यात एक निवरू.

मामानं दात खाऊन शिकवलं, "शेवट सांगायचा नसतोय. कुणी कितीबी विचारू दे, शेवट म्हटला की त्वांड बंद."

दुसऱ्या दिवशी देवाचा सिनेमा. म्हाताऱ्या जमल्या आणि विचारू लागल्या, शेवटी भक्ताला देव भेटतो ना रे? गोष्ट त्यांना पाठ होती. त्यांना नुसतं हो ऐकायचं होतं. निवरूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग बोटांच्या फटीतून म्हणाला, "भेटंल, न्हाईतर न्हाई भेटायचा. म्या बोलणार न्हाई."

म्हाताऱ्या हादरल्या. दुपारपर्यंत गावभर झालं की या सिनेमात देव भेटतच नाही. भजनी मंडळानं तंबूसमोर बसून निषेधाचं भजन केलं. तंबू रिकामा राहिला, भजनाला मात्र उभं राहायला जागा नव्हती.

मामानं कपाळावर हात मारून घेतला. असल्या सिनेमाला आधी चपला काढायच्या, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं की नुसतं दर्शन घेतलं तरी जन्माचं सार्थक होतं, असं त्यानं निवरूकडून दहादा वदवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी डाकूचा सिनेमा होता. तालमीतले पैलवान अंगाची माती झटकत पाराकडे आले. निवरूनं चपला काढल्या. हात जोडले. डोळे मिटले.

"डाकूचं नुसतं दर्शन घेतलं तरी जल्माचं सार्थक व्हतं," तो म्हणाला.

पैलवानांनी थोडी वाट बघितली. निवरू काही डोळे उघडेना. कालचाच भक्तीचा सिनेमा पुन्हा लावलाय असं ठरवून ते कुस्त्या बघायला निघून गेले.

मामाचा आवाज आता बसला होता. "मारामारी असली की म्हणायचं, असा मार हाय, असा मार हाय, की बघणाऱ्याचं अंग ठणकंल. समजलं?"

"समजलं," निवरू म्हणाला. त्याला समजलं नाही असं कधी व्हायचंच नाही. तीच तर पंचाईत होती.

चौथ्या दिवशी सुनेच्या छळाचा सिनेमा. गावातल्या सुना पाणी भरून जाताना पारापाशी थांबल्या. निवरूनं छाती फुगवून सांगितलं की असा मार हाय, असा मार हाय, की बघणाऱ्याचं अंग ठणकंल. सुना घागरी घेऊन घरी गेल्या. तेवढं तर त्यांना घरीच मिळत होतं. सासवा मात्र नटूनथटून आल्या, पुढं बसल्या, मन लावून सगळं बघितलं, आणि दोघीतिघींनी हाच खेळ उद्या पुन्हा आहे का, याची चौकशी केली. पण नुसत्या सासवांनी तंबू किती भरणार?

त्या दिवशी शालननं निवरूला भाकरी वाढताना एवढंच म्हटलं, "उद्या नीट बोल. माझा जल्म तुझ्या जिभेवर हाय." निवरूला शालनशिवाय काही नको होतं, हे खरंच होतं. मामानं शेवटचं शिकवलं की बायकांच्या सिनेमाला म्हणायचं, घरातले सगळे रुमाल घेऊन या, रडून रडून डोळे सुजतील. निवरूनं ते घोकून घोकून पाठ केलं.

पाचव्या दिवशी विनोदी सिनेमा होता.

निवरूनं पारावरून सांगितलं की रुमाल घेऊन या. आणि काय सांगावं, गाव लोटलं, तंबू गच्च भरला! पोटभर रडायला मिळणार म्हटल्यावर घरी कोण बसतं? पडद्यावर नट शेणात घसरून पडला, आणि बायकांचा हुंदका फुटला. सावकाराच्या धोतराला बकरीनं तोंड घातलं, तेव्हा पैलवानांना रडू आवरेना. आण्णांनी पटका सोडून डोळे पुसले. बाहेर पडताना सगळ्यांचं एकमत होतं, इतका दुःखी सिनेमा या जत्रेत झाला नाही.

शब्द तो शब्द. मामानं निवरूला मिठी मारली. "निवऱ्या, आता येकच शिक, जल्मभर पुरंल. कुणीबी मत इचारलं की म्हणायचं, हा तर चांगलाच हाय, पर फुडच्या आठवड्यात येतोय त्यो याच्याहून भारी. म्हंजी गिऱ्हाईक तुटत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारीची बैठक बसली. दोन्हीकडचे पाहुणे आले. शालन नवं लुगडं नेसून पाटावर बसली. सुपारी फोडण्याआधी सगळ्यांसमोर मुलाला विचारायची पद्धत असते. मुलानं पसंत आहे म्हणायचं, की झालं. निवरूला आनंदानं धड बसवत नव्हतं.

"बोल बाबा," हणमंतआण्णा म्हणाले. "पोरगी कशी हाय? तुझं मत सांग."

मत म्हटल्यावर निवरू ताडकन उभा राहिला. त्यानं मामाकडे बघितलं. मामानं हसून मान हलवली.

"ही तर चांगलीच हाय," निवरू म्हणाला.

शालन लाजली. मामाचे डोळे भरून आले. आण्णांनी अडकित्ता उचलला.

"पर फुडच्या आठवड्यात येतीया ती हिच्याहून भारी," निवरू म्हणाला. "तवा मंडळी, तिच्याबी सुपारीला समद्यांनी यायचं."