पहिल्या नंबरावरची बाई

"पण माई, पहिला नंबर माझा का लागत नाही?"

कल्हई लावून ठेवलेल्या पातेल्यात वाकून भागूमाई आतली बाजू बोटानं चाचपत होत्या.

हेरंब वडके थांबला. भात्याची मूठ हातातच राहिली.

नदीपलीकडच्या या मठात रोज दीडशे पानं उठत. नवरात्रात तर मोजदादच नसे. म्हणून भाद्रपद अर्धा सरला की मठातली सगळी पितळी भांडी अंगणात निघत आणि त्यांना कल्हई लागे. पूर्वी हेरंबचे वडील येत. ते गेल्यावर हेरंबनं कारखान्यातली नोकरी सोडली, माळ्यावर गेलेला भाता खाली घेतला आणि तो येऊ लागला.

भागूमाई म्हणजे मठाच्या सर्वेसर्वा. वय ऐंशीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत. तरी कोर्टातली भांडणं आणि सोयरिकीचे पेच घेऊन शिकलेली माणसं त्यांच्या पायरीशी बसत. माई मोजकं बोलत, आणि पुष्कळदा तेही नाही.

हेरंबनं पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.

मन लावून वेबसाइट केली होती त्यानं. तीन महिन्यांचा क्लास केला होता. नेटवर कोणी 'कल्हई' शोधलं की पहिलं नाव आपलं यायला हवं, म्हणून पानावर 'कल्हई' हा शब्द दोनशे वेळा घातला होता. पुणे कल्हई, नाशिक कल्हई, उत्तम कल्हई, सर्वोत्तम कल्हई. वाचताना त्याच्या बायकोला ठसका लागला होता, पण हेरंब म्हणाला, असंच लिहायचं असतं.

आणि काय सांगावं, नंबर लागलाही! सकाळी उठून तो फोनवर शोधायचा, आणि सगळ्यात वर वडके कल्हई सेंटर. दोन महिने स्वारी खुशीत होती. मग नगरच्या मेहुण्यानं शोधून पाहिलं. पाच पानं उलटली, तरी भाऊजी कुठे दिसेनात.

"माझ्या फोनवर मी पहिला, माई. दुसऱ्याच्या फोनवर नाहीच. असं कसं?"

माईंनी नुकतीच कल्हई झालेली एक परात उचलली. ती त्याच्या तोंडासमोर धरली.

"कोण दिसतंय?"

"मी."

परात त्यांनी स्वतःकडे वळवली.

"आता?"

"...तुम्ही."

माईंनी परात खाली ठेवली आणि पदरानं तिच्यावरचा हाताचा ठसा पुसला.

हेरंब हसला, पण ते हसणं काही टिकलं नाही. त्याचा जीव टांगणीला लागला होता. बायकोला त्यानं शब्द दिला होता की दसऱ्यापर्यंत कामं आली नाहीत तर भाता माळ्यावर आणि तो पुन्हा कारखान्यात. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. आणि मठ सोडला तर या महिन्यात त्याच्याकडे आली होती दोन पातेली आणि एक तांब्या.

म्हणून त्यानं एक वाट काढली होती. ती सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली आला. शहरातला एक जाणता माणूस भेटला होता. पहिल्या नंबरावर जी बाई बसली आहे तिला दोन आठवड्यांत खाली ढकलतो, असं तो म्हणाला होता. कसं, ते विचारायचं नाही. आज संध्याकाळपर्यंत फक्त हो म्हणायचं.

"तुमचा आशीर्वाद असला म्हणजे..."

"कोण बाई?"

"वसुधा खांबेटे म्हणून कोणी आहे." नाव त्याला तोंडपाठ होतं. मेहुण्यानं सांगितल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर बायकोच्या फोनवर ते नाव बघून त्याच्या अंगाचा तिळपापड होई. "वर्षभर हलली नाही तिथून."

"कल्हई करती?"

"करत असणार."

"काय लिवलंय तिनं?"

हेरंबनं उगाचच भात्याची मूठ दाबली.

"वाचलं न्हाईस?"

शत्रूचं कशाला वाचायचं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण माईंच्या समोर ते भलतंच पोरकट वाटलं असतं, म्हणून त्यानं गिळलं.

माई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"भांडी आटप. मग आत ये. वाचून दाखव."

उरलेलं काम दुपारपर्यंत चाललं. तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठे. मग कथलाचा तुकडा, मग कापसाचा एक फेरा, आणि काळंमिचकूट बूड चांदीसारखं होई. दुसरं काही असो, हेरंबचा हात वडिलांचा होता. काम करताना त्याला नंबराचा विसर पडला. त्या दोन-तीन तासांत तो सुखी होता, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही.

स्वयंपाकघरात चार बायका भाजी निवडत बसल्या होत्या. माई भिंतीला टेकल्या होत्या. त्यांनी फोनकडे बोट केलं.

हेरंबनं खांबेटेबाईंचं पान उघडलं आणि जरा फणकाऱ्यानंच वाचायला लागला.

सासूबाईंचं पितळी पातेलं, असं सुरू होत होतं. सासूबाई वारल्यावर ते वाटणीत बाईंकडे आलं. त्यांनी हौसेनं त्यात ताक ठेवलं. ताक कळकलं. हिरवट झालं, तोंडात धरवेना. मग बाईंनी दहा जणांना विचारलं, जुन्या शेजारणींना फोन केले आणि जे कळलं ते साध्या शब्दांत लिहून ठेवलं. कल्हई उडाली हे ओळखायचं कसं. चिंचेची आमटी कशात ठेवू नये. तारेच्या चोथ्यानं का घासू नये.

"बाई शहाणी हाय," भाजी निवडणारी साळू म्हणाली.

"इथं चुकलंय तिचं," हेरंब म्हणाला. "दरवर्षी करावी लागते असं काही नाही. रोजच्या वापरातलं भांडं वेगळं, सणाचं वेगळं."

"मग कधी करायची?" दुसरीनं विचारलं.

हेरंब सांगायला लागला. आतून लालसर डाग दिसू लागले की काय समजायचं, नुसतं काळं पडलं तर काय, कोरडी डाळ ठेवायला कल्हई लागतच नाही. साळूनं घरच्या घागरीचं विचारलं. तो म्हणाला, पाण्याच्या घागरीला कशाला लावताय, चिंचेनं घासा, पुरे. बायका हातातली भाजी विसरून ऐकत होत्या. गवारीची अर्धी रास तशीच पडून राहिली.

माईंनी मध्येच विचारलं,

"ह्ये तुझ्या पानावर हाय?"

"...नाही."

"मग काय हाय?"

"सर्वोत्तम कल्हई," हेरंब म्हणाला. आणि तो स्वतःच ओशाळला.

"म्होरं वाच."

त्यानं अंगठ्यानं पान वर सरकवलं. शेवटच्या काही ओळी होत्या. त्यानं त्या आधी मनातच वाचल्या, आणि त्याचे ओठ थांबले.

बायका त्याच्याकडे बघू लागल्या.

"वाच की," साळू म्हणाली.

हेरंबनं घसा साफ केला. आवाजातला फणकारा कुठल्या कुठे गेला होता.

"मी स्वतः कल्हई करत नाही," तो वाचू लागला. "आमच्या गल्लीत येणारे कल्हईवाले काका यायचे बंद झाले. सासूबाईंचं पातेलं दीड वर्ष तसंच कपाटात आहे. मोडीत द्यायला मन होत नाही. चांगला कारागीर कोणाला माहीत असेल तर कृपया खाली लिहा. त्याचं नाव-पत्ता मी इथेच सगळ्यात वर देईन."

खाली लोकांनी लिहिलं होतं. हेरंब एकेक वाचत गेला. आम्हालाही हवाय. साताऱ्यात कोणी आहे का? आईची सात भांडी पडून आहेत. कोणी सापडला का हो? मलाही कळवा... अंगठा सरकत राहिला तरी नावं संपेनात. शेवटचं कोणीतरी काल रात्रीच लिहिलं होतं.

कल्हईवाल्याचं नाव मात्र कोणीच लिहिलेलं नव्हतं.

हेरंबचे डोळे भरून आले. वर्षभर रोज सकाळी तो या दारावरची पाटी वाचत होता आणि दात-ओठ खात परत फिरत होता.

चुलीवर डाळ रटरटत होती.

हेरंबनं मान वर केली.

"माई... त्या माणसाला संध्याकाळी काय सांगू?"

माईंनी गवारीची रास आपल्यापुढे ओढली. एक शेंग उचलली, तिचं देठ मोडलं.

"त्याचं ऱ्हाऊ दे. बाई वरीसभर हाका मारतीय. आधी तिला ओ दे."