शेवटून दुसरी टिटवी

नदीला अजून कोणी नाव दिले नव्हते, त्या काळी तिच्या काठी टिटव्यांची वस्ती होती. उन्हाळ्यात अंडी कुठे घालायची ते थोरली टिटवी ठरवी. ती वाळूत पाय रोवून "कोरडी" म्हणे. मग एकेकीने पाय रोवून तेच सांगायचे, अशी रीत होती.

एका साली निळवी नावाच्या विधवा टिटवीची पाळी आली, तेव्हा तिच्यामागे फक्त तिची शेजारीण उरली होती. निळवीच्या नखांना वाळूखाली ओल लागली. म्हणजे पाणी वर येणार होते.

"ओली आहे," ती म्हणाली.

"अगं बाई, पाय धुऊन आलीस की काय?" थोरली म्हणाली, तशा सगळ्या हसल्या. शेजारणीने पाय रोवला, थोरलीकडे पाहिले आणि "कोरडी" म्हणाली.

निळवीने एकटीनेच वर माळावर चार अंडी घातली. अंडी गार राहावीत म्हणून ती दूर नदीवर जाऊन छातीची पिसे भिजवून आणी. तेवढा वेळ अंड्यांवर बसायला कोणी नव्हते. दोन अंडी उन्हाने गेली.

पंधरवड्याने वाळूतून पाणी वर आले आणि खालचे प्रत्येक घरटे बुडाले.

संध्याकाळी शेजारीण माळावर आली. "मलाही ओल लागली होती गं. पण तू एकटीच बोललीस. आणखी एक जरी बोलली असती, तर मीही बोलले असते."

"ती आणखी एक तूच होतीस," निळवी म्हणाली आणि उरलेल्या दोन अंड्यांवर पंख पसरून बसली.