शेवटचा घास

पूर-नियंत्रण केंद्राच्या संगणकांचा गाभा सांभाळणारे एक वृद्ध अभियंते होते आणि त्यांची एक हुशार शिष्या होती. पुरात अडकलेल्यांकडून येणारा प्रत्येक निरोप ठेवायला संगणक दर वेळी मेमरीचं नवं पान, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा, मागत असे, आणि त्यात वेळ जाई. शिष्येने नवी रीत बसवली. आठ पानांचा गठ्ठा एकदमच घ्यायचा, त्यात पुष्कळ निरोप शेजारी शेजारी बसवायचे आणि सगळे पुढे बचावपथकांकडे गेले की गठ्ठा मोकळा करायचा. चाचणीत वेग दुप्पट झाला. सर्वांनी तिची पाठ थोपटली.

श्रावणात पूर आला आणि भर दुपारी यंत्रणा ठप्प झाली. चाळीस मिनिटं एकही नवा निरोप आत आला नाही. एका वस्तीतले चौघे बुडाले. ‘छतावर चौघे आहोत’ हा त्यांचा निरोप नंतर त्यांच्या फोनमध्ये सापडला, सतरा वेळा पाठवलेला.

शिष्या आठवडाभर आकडे तपासत राहिली. मेमरी आतून जवळजवळ रिकामी होती, तरी नव्या निरोपाला द्यायला शिल्लक काहीच नव्हती. हे कसं, ते तिला उमगेना. आपण चौघांना मारलं, एवढंच मनात घर करून बसलं.

पूर ओसरेपर्यंत केंद्रात सर्वांची जेवणं पंगतीनं होत. वृद्ध तिला तिथे घेऊन गेले. सगळ्यांचं आटोपलं, पण ताटात शेवटचा घास ठेवून ते स्वस्थ बसून राहिले. सर्वांत वडील माणूस जेवतो आहे म्हटल्यावर उठणार कोण? चाळीस माणसं उष्ट्या हातांनी ताटकळली. दारात बचावपथकाचे लोक सकाळपासूनचे उपाशी उभे होते. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ती हलकेच म्हणाली, “सर, उठा ना आता. ती माणसं भुकेली आहेत.”

“माझ्या एका घासानं किती जागा अडली आहे?”

“सगळी पंगत.”

“त्या दिवशी रेंज धड नव्हती. निरोप अर्धेच येत आणि उरलेल्या अर्ध्याची वाट बघत बसून राहत. प्रत्येक गठ्ठ्यात असा एखादा होताच. चाचणीत तू सगळे भरभर जेवणारे बसवले होतेस. मीही ते बघितलं आणि सही केली. ज्याला वेळ लागणार, त्याला उचलून बाजूला छोटी जागा द्यावी आणि पंगत उठवावी.”

एवढं बोलून ते आपलं ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. पंगत उठली.

शिष्येने तशीच दुरुस्ती केली. नव्या चाचणीत तिने आधी हजारो अर्धवट निरोप सोडले आणि सर्वांत शेवटी एक पूर्ण निरोप: ‘छतावर चौघे आहोत.’ तो पहिल्याच खेपेला पोहोचला. पडद्याकडे बघत ती बराच वेळ रडत राहिली.