नकाशाला हात लावायचा हक्क

फार वर्षांपूर्वी एका डोंगरातला झरा आटत चालला, म्हणून प्राण्यांनी तळं खोदायचं ठरवलं. साळिंदराने ओल्या मातीवर नकाशा काढला. पण येणारा-जाणारा त्यात बदल करी. बेडकाने तळं उथळ केलं, रेड्याने मधोमध लोळायची जागा काढली. खोदणारी घूस रोज नवीच जागा खणू लागली.

शेवटी म्होरक्या अस्वलाने वैतागून सांगितलं, "नकाशा सगळ्यांनी बघायचा. हात फक्त मी लावणार."

मग काम झपाट्याने चाललं. एके सकाळी घुशीला दिसलं, की जादा पाणी सोडायची वाट अस्वलाने काठाऐवजी थेट तळाशी काढली आहे. ती सांगायला गेली, तर अस्वल मध शोधायला गेलेलं. तिने तीन दिवस वाट पाहिली आणि नकाशाप्रमाणे खणलं.

झरा तळ्यात वळवला. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी दरीत वाहून गेलं.

"तुला चूक दिसली नाही?" अस्वल ओरडलं.

"दिसली की," घूस म्हणाली. "बघायची परवानगी होतीच."

अस्वल नकाशापाशी गेलं. मग बाजूला सरकून म्हणालं, "ती रेघ तूच खोड."

घुशीने रेघ खोडली. पिल्लं तहानलेली होती, त्यामुळे बाकीचे तळाचं भोक बुजवायला केव्हाच धावले होते.