गाठीखालची फूट

“...मग फुलत का नाही, तेवढं सांगा. बाकीचं मला ठाऊक आहे.”

विश्वंभर देशमाने कुंडीशेजारी कमरेवर हात ठेवून उभे होते. कुंडी त्यांनी बार्शीहून स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून, तिला पट्टा लावून आणली होती. गुलाबाच्या फांद्या इतक्या वाढलेल्या, की वाटभर खिडकीतून बाहेर डोकावत आल्या होत्या.

हंसगिरीबाबा मठाच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. गावातल्या म्हाताऱ्यांनाही ते म्हातारेच आठवतात, एवढं त्यांचं वय.

“काय काय घातलं?” बाबांनी विचारलं.

“शेणखत. महिन्याला पेंडीचं पाणी. बोनमील. पानांवर निंबोळी अर्क. पाणी सकाळचं, तेही मातीत बोट घालून बघितल्याशिवाय नाही. ऊन दुपारपर्यंत. एक गोष्ट चुकलेली नाही बाबा, वाटलं तर तपासून घ्या.”

“आन् छाटणी?”



“छाटणी नाही.”

“का?”

“तिच्या झाडाला कात्री लावायची नाही, असं ठरवलंय. वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी.”

...

ती म्हणजे मथुराबाई, देशमान्यांची बायको. गेल्या मार्गशीर्षात ती गेली.

दर सोमवारी ती या मठात यायची. बाबा तिला लेक म्हणायचे आणि त्या नात्यानं देशमान्यांना जावईबापू. जावईबापू मात्र मठात याआधी एकदाच आले होते, तेही जेवायला उशीर झाला म्हणून बायकोला न्यायला.

देशमान्यांचा सगळा जन्म साखर कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला. तिथल्या घरघराटात कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही. अर्धं ऐकायचं, उरलेलं ओळखायचं आणि हुकूम सोडायचा. निवृत्त झाले, घरी बसले, पण ही सवय काही निवृत्त झाली नाही.

“सोमवारी श्राद्ध आहे,” देशमाने म्हणाले. “तिच्या फोटोला तिच्याच झाडाचं फूल वाहायचंय. एक. जास्त मागत नाही मी.”



गप्प बसलेला माणूस देशमान्यांना सोसत नसे. त्यांनी ओट्याच्या पलीकडे, पायरीशी असलेल्या गुलाबाकडे हात केला.

“येताना तुमचा गुलाब पण बघितला. पार बोडका करून ठेवलाय. असं छाटतात होय कुणी? माझ्या झाडाची उंची बघा आणि त्याची बघा.”

“बघतोय,” बाबा म्हणाले.

...

बाबा ओट्यावरून उतरले. त्याला बराच वेळ लागला. कुंडीपाशी मांडी घालून बसले आणि शेजारची जमीन थोपटली. देशमानेही पँट वर ओढून बसले.

“बुडाची माती सारा बाजूला.”

देशमान्यांनी बोटांनी माती सारली. खोडाच्या बुडाशी जाड, फुगीर गाठ दिसू लागली. गाठीच्या वर बोटभर लांबीची काळी काडी उरली होती.

“ही काय?”

“वाळलेली काडी. असते एखादी.”

“मोडून बघा.”

काडी कट्‌कन मोडली. आत हिरवं काही नव्हतं.

“आन् ही?” बाबांनी एका जोमदार फांदीला हात लावला.

“ही नवी फूट. ह्या सगळ्या वर्षभरातल्या. मी वाढवलेल्या.”

“कुठून आल्यात त्या? बोट लावून खाली जावा.”

देशमान्यांचं बोट फांदीवरून खाली गेलं. गाठीपाशी आलं. गाठीवर थांबलं नाही. गाठीच्या बाजूनं आणखी खाली गेलं, आणि मातीत शिरलं.

त्यांनी दुसरी फांदी धरली. तीही गाठीच्या खालूनच आलेली. तिसरीचंही तेच.

“पानं बघा,” बाबा म्हणाले. “तिच्या गुलाबाला एका देठावर पाच पानं असायची. ह्याला?”

“सात.”

“जावईबापू, कलम बांधताना खाली रानगुलाबाचा खुंट असतोय. त्याच्यावर आपल्याला पाहिजे तो—”

“ठाऊक आहे मला,” देशमाने म्हणाले.

आणि गप्प झाले.

 बाबांनी वाक्य पुरं केलं नाही.

...

मठाच्या मागे कुणीतरी रहाटानं पाणी काढत होतं. कुरकुर थांबली, परत सुरू झाली.

देशमाने कुंडीकडे बघत राहिले. बोलले, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“तिलाही मी हेच म्हणालो होतो.”

बाबांनी मान वर केली.

“दवाखान्यात. जायच्या आदल्या दिवशी. मला जवळ बोलावलं. म्हणाली, ‘अहो, गुलाबाच्या बुडाला...’ एवढंच. धाप लागायची तिला, एका दमात बोलता यायचं नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे मला, तू झोप. तिनं डोळे मिटले. नंतर बोललीच नाही.”

“मग?”

“मग काय. बुडाला म्हणजे खत, दुसरं काय असणार? मी वर्षभर बुडाला खत घालतोय, बाबा.”

त्यांनी मोडलेली काळी काडी मातीतून उचलली. तळहातावर ठेवली.

“काय म्हणायचं असेल तिला?”

“आत्ता तुमच्याच बोटानं बघितलं की.”

देशमान्यांचे ओठ हलले. 

“बुडाला... फूट आली... तर काढून टाका.”

बायकोचं वाक्य त्यांनी पुरं केलं, एक वर्ष उशिरा. मग त्यांना रडू आलं. मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडताना त्यांचा आवाज अजिबात आला नाही.

“म्हणजे तिचा गुलाब मीच मारला. माझ्या हातानं.”

कुणीही अशा वेळी ‘नाही हो’ म्हणतं.

“व्हय,” बाबा म्हणाले.

...

“रानटी जोर करतोय, खालचं सगळं वढून घेतोय. वरचं उपाशी ऱ्हातंय,” बाबा सावकाश बोलत होते. “हिरवंगार दिसतंय म्हणून माणूस खूश. फूल येत न्हाई म्हणून आणखी खत. ते बी रानटीच खातंय.”

देशमाने ऐकत होते.

“बारकी असताना नुसती बोटानं निघत्यात. पण तुम्ही कात्री लावायची न्हाई म्हणून बसला.”

“तिच्या झाडावर कात्री चालवायचा मला जीव होईना.”

“ती हुती तवा कात्री जिभंला हुती. ती गेली, आन् आता हाताला धरवंना.”

हे बाबा रागावून बोलले नाहीत. हळहळून बोलले, म्हणून जास्त लागलं.

देशमान्यांनी बाहीनं चेहरा पुसला.

“सोमवारी मग...”

“सोमवारी न्हाई.”

“एकही फूल?”

“न्हाई.”

बाबा उठले. देशमान्यांच्या खांद्याचा आधार घेऊन पायरीशी असलेल्या त्या बोडक्या गुलाबापाशी गेले. छाटलेल्या फांद्यांवर लालसर डोळे, नव्या फुटीचे कोंब, फुगायला लागले होते. एकच फांदी तेवढी न छाटता राखलेली. तिच्या टोकाला पाकळ्या झडून गेलेलं फूल होतं, म्हणजे नुसता हिरवा गोंडा.

“हा कुणाचा हाय, म्हाईत हाय?”

“मठाचा.”

“मठातला मूळचा मेला. दुष्काळाच्या साली. तुमच्या घरचं झाड त्याच्यापासूनच केल्यालं. हितला मेला म्हटल्यावर तिनं तुमच्या घरच्या झाडाची काडी आणून दिली. ओल्या फडक्यात गुंडाळून, पदराखाली धरून. त्या काडीचा डोळा मी हितल्या खुंटावर भरला. हा तिचाच हाय.”

देशमाने त्या झाडाकडे बघत राहिले. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी याच झाडाला नावं ठेवली होती.

“मला कधी बोलली नाही ती.”

“बोलली असंल,” बाबा म्हणाले.



देशमान्यांनी त्या गोंड्याला हात लावला. खाली मातीवर दोन-तीन पाकळ्या अजून पडलेल्या होत्या, कडेनं तपकिरी झालेल्या.

“हे फूल कधी होतं?”

“परवापत्तोर हुतं.”

“परवा यायला हवं होतं मी.”

 परवा यायला हवं होतं, त्याच्या आधीही कितीतरी सोमवार यायला हवं होतं, हे देशमान्यांना सांगायची गरज नव्हती.

“ही एक फांदी का ठेवली?” देशमान्यांनी विचारलं.

“दर साली एक राखतो. कुणीतरी मागाय येतंय.”

...

बाबांनी कात्री आणून देशमान्यांच्या हातात दिली.

“रानटीचा हा एक फोक ठेवा, डोळा भराय. पेन्सिलीएवढा हाय, सरळ हाय. बाकीचं उतरवा. वर वर कापू नका, परत फुटंल. माती काढून मुळापासनं.”

“सगळं?”

“सगळं.”

“वर्षभर वाढवलंय, बाबा.”

“व्हय. वाढीवलंय खरं.”

देशमान्यांनी पहिली फांदी कापली. मग दुसरी, तिसरी. शेजारी हिरवा ढीग झाला. त्यातली पानं टवटवीत होती, आणि देशमाने त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

“रानटीचा राग राग करू नका,” बाबा म्हणाले. “खुंट वाईट नसतोय. उद्या ह्योच पोसणार हाय तिला.”

मग बाबांनी राखलेली फांदी कापून दिली आणि चाकू पुढे केला.

“माझं हात आता थिर ऱ्हात न्हाईत. तुम्ही करा. मी सांगतो.”

बाबा सांगत गेले. पान तोडायचं पण त्याचं देठ डोळ्याशी तसंच ठेवायचं. डोळा थोड्या सालीसकट काढायचा, नखाएवढा. खुंटाच्या सालीला एक आडवी चीर द्यायची, तिच्याखाली एक उभी, आणि साल हलक्या हातानं उचलायची. डोळा आत सरकवायचा, वरची बाजू वरच ठेवून. मग प्लॅस्टिकची पट्टी आवळायची, खालून वर, डोळा आणि देठ तेवढं मोकळं सोडून.

प्रत्येक वाक्यानंतर बाबा दम घेत. प्रत्येक वेळी देशमान्यांच्या तोंडात पुढचं वाक्य यायचं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यभर यंत्रं जुळवलेली बोटं होती, काम चोख झालं.

“सावलीत ठेवा. पट्टीवर पाणी पडू देऊ नका. आन् डोळा लागला का न्हाई, जीव धरला का, बघाय म्हणून पट्टी सोडू नका. डोळा फुटून वीतभर वाढला, की मग वरचं रानटी उतरवा. तवर राहू द्या.”

देशमान्यांनी मान हलवली.

त्यांनी कुंडी उचलली, गाडीत पुढच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला. आता खिडकीतून बाहेर येण्यासारखं काही उरलं नव्हतं. कापलेल्या फांद्यांचा ढीग त्यांनी मठामागच्या खड्ड्यात टाकला. काटे लागून हातावर रक्त आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

परत येऊन ओट्यापाशी उभे राहिले.

“सोमवारी फोटोसमोर काय ठेवू, ते मला कळत नाही.”

“कुंडी ठेवा.”

“त्यात तर काहीच नाही.”

“डोळा हाय.”

देशमाने पायरीवर बसले. ऊन उतरलं होतं. त्यांना आणखी एक विचारायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

“बाबा, पट्टी तर सोडायची नाही. मग तो लागला की गेला, हे मला कळणार कसं?”

“डोळ्यापाशी त्ये देठ ठेवलंय न्हवं,” बाबा म्हणाले, “त्याला दोन-तीन आठवड्यानं...”

आणि त्यांना खोकला आला.

खोकला थांबला, पण बाबा बोलले नाहीत. भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.

देशमाने थांबले.

रहाटाची कुरकुर बंद झाली. मठाच्या मागून कुणीतरी घागर घेऊन गेलं. सावल्या ओट्यावर चढल्या. देठ वाळेल, देठ हिरवं राहील, देठाला कोंब येईल... उरलेलं वाक्य ओळखायची त्यांची जुनी सवय जिभेपर्यंत येत होती आणि परत जात होती. बाबांना झोप लागली की काय, हेही त्यांनी विचारलं नाही.

देवघरातला दिवा लागला, तेव्हा बाबांनी डोळे उघडले. समोर देशमाने तसेच बसलेले होते, तोंड मिटून.

“...हळूच बोट लावा,” बाबा म्हणाले. “देठ गळून पडलं तर डोळा लागला. धरून ऱ्हायलं तर गेला.”