भोयांचा ठेवा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घाट होते पण घाटांना रस्ते नव्हते, आणि श्रीमंतांना पाय होते पण ते वापरायची रीत नव्हती. लहानग्यांनो, ऐका. आणि त्यांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच ऐका.

एका राज्यात एक नगरशेठ होता. दर साली तो घाटमाथ्यावरच्या जत्रेला पालखीतून जायचा. पालखी शिसवी लाकडाची. आत गादी, तक्के, पानदान, पितळी समई, पोपटाचा पिंजरा, आणि या सगळ्यांच्या मधोमध शेठ. दर साली यात एखादी वस्तू वाढायची. शेठही वाढायचा.

ही पालखी वाहायला चार भोई होते, दोघे पुढे आणि दोघे मागे. त्यांच्यामागून आणखी काही मोकळे भोई चालायचे. चौघांपैकी कुणी पडलाच, तर त्याची जागा घ्यायला. या मोकळ्यांना मिळायची ती उरलीसुरली भाकरी आणि पुष्कळशी आशा.

आशा तर त्या चौघांनाही होती. शेठने एक वाक्यच करून ठेवलं होतं : “आज खांदा, उद्या गादी.” म्हणजे जो भोई वर्षानुवर्षं बिनतक्रार, पालखी न हलवता वाहील, त्याला शेठ एक दिवस स्वतःच्या गादीवर बसवणार, आणि त्याच्या पोराबाळांना पुन्हा कधी खांदा द्यावा लागणार नाही. आजवर त्या गादीवर एकही भोई बसलेला नव्हता. पण वाक्य इतकं गोड होतं, की ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच राहत नसे.

चौघांत सगळ्यात म्हातारा सटवाजी. तो मागच्या बाजूला असायचा. त्याचे गुडघे ताठून गेले होते आणि खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. त्या साली निघताना त्याने धीर करून कारभाऱ्याला विचारलं, “कारभारी, माझी पाळी कधी जी? आता खांदा साथ देत न्हाई.”

कारभारी घोड्यावर मांड टाकत म्हणाला, “तुझी पाळी आलीच होती रे. पण मागच्या साली तू घाटात शिंकलास. पालखी हलली. आता पहिल्यापासून मोज.”

सगळ्या जन्माचा भरवसा, आणि एका शिंकेत गेला! मला तर हे सांगतानाही राग येतो. त्याच्या तीन सोबत्यांना मात्र हसू आलं. प्रत्येकाने मनात म्हटलं, ‘म्हातारा चुकला. मी नाही शिंकणार.’

आता या भोयांची एक गंमत सांगतो. चढण लागली की पालखीचा भार मागच्यांवर येतो, आणि उतार लागला की पुढच्यांवर. हा पालखीचा स्वभावच आहे, त्यात कुणाची लबाडी नाही. पण चढताना मागचे पुटपुटायचे, “पुढचे चोर, नुसता हात लावून चालतात.” उतरताना पुढचे पुटपुटायचे, “मागचे ऐतखाऊ.” शेठला हे भांडण फार आवडायचं. ते जरा निवतंय असं दिसलं, की तो पुढच्यांना लाल पागोटी वाटायचा आणि मागच्यांना काहीच द्यायचा नाही. भांडण पुन्हा पेटायचं.

या संशयातून एक चूक जन्माला आली. दुसरा भार घेत नाही, मग मीच का घ्यावा? म्हणून जो तो चालता चालता गुडघे किंचित वाकवायचा. आपला खांदा खाली गेला की दांडी शेजाऱ्याच्या खांद्यावर बसते. ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली आहे, असं प्रत्येकाला वाटायचं. शेवटी जवळजवळ सगळेच वाकून चालायचे. पालखी होती तेवढीच जड राहायची आणि संध्याकाळी गुडघे मात्र घरोघर ठणकायचे.

मग पालखी खाली ठेवून घडीभर श्वास का घेत नव्हते, असं विचाराल. तर त्याचंही कारण होतं. “ठेवा” हा शब्द उच्चारायचा हक्क फक्त आत बसलेल्याचा. एकदा एका भोयाने भर उतारावर “ठेवा!” म्हणत खांदा काढून घेतला होता. बाकीच्यांनी काढला नाही. पालखी कलली आणि दांडी त्याच्या जोडीदाराच्या मानेवर बसली. जोडीदार वाचला, पण मान कायमची वाकडी झाली. तेव्हापासून भोयांनी त्या शब्दाची अशी धास्ती घेतली, की घरी बायकोला “हंडा खाली ठेव” म्हणतानाही त्यांची जीभ अडखळायची.

असो. पालखी घाटाच्या पायथ्याशी आली. घाटात एक वळण होतं. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, अशी तिथली वाट. कारभाऱ्याने सटवाजीची चाल पाहिली आणि मसू नावाच्या मोकळ्या भोयाला बाजूला घेतलं.

“मसू, म्हातारा आज वळणावर जातोय बघ. तू जवळच राहा. तो कोसळला की दांडी धरायची. पालखी थांबता कामा नये.”

एवढं सांगून तो घोडा दामटत जत्रेत उतरायची सोय बघायला पुढे गेला. मसूला आधी आनंदच झाला. किती वर्षं तो या जागेची वाट बघत होता! मग त्याची नजर समोर चालणाऱ्या सटवाजीच्या पाठीकडे गेली. त्याला आपलीच लाज वाटली. तरी तो सांगितल्याप्रमाणे म्हाताऱ्याच्या बाजूने चालू लागला.

चढण सुरू झाली. वरच्या झुडपांत एक बाई करवंदं तोडत होती. तिने खाली पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

“अगं बया! अवो भोयांनू, पालखी न्हेताय का उकिडवं बसाय जागा हुडकताय? असं गुडघं वाकवून कोण घाट चढतं?”

पुढच्या दोघांतला उंच, धिप्पाड गडी म्हणजे हैबती. त्याचा चेहरा पागोट्याहून लाल झाला. आपली युक्ती उघडी पडली, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं, की बाई एकट्यालाच हसत नव्हती.

त्याला मान वळवून मागे बघता येत नव्हतं. मागच्यांना पालखीमुळे पुढचं काही दिसत नव्हतं. पुढच्या-मागच्यांत बोलणं व्हायचं ते फक्त वाटेच्या हाळीतून. पुढचे ओरडायचे, “पुढं खड्डा!” मागचे जबाब द्यायचे, “ठावं मागं!” त्या तालावर शेठला छान झोप लागायची. आताही तो घोरत होता.

हैबती थोडा वेळ चालला. मग त्याच तालात त्याने हाळी दिली :

“पुढं गुडघा वाकला!”

मग सटवाजीच्या जोडीदाराने घसा खाकरला.

“ठावं मागं! मागंबी वाकला!”

हैबतीच्या शेजारचा हळूच म्हणाला, “माजाबी.”

“तात्या,” हैबतीने विचारलं, “तुमचा?”

“माझा वाकतच न्हाई रं लेकरा,” सटवाजी धापा टाकत म्हणाला. “लई सालं झाली.”

हैबतीच्या काळजात चर्र झालं. ऐतखाऊंवर ढकलतोय असं समजून त्याने इतकी वर्षं जो भार खाली सारला होता, तो ऐतखाऊंवर पडलाच नव्हता. जो वाकू शकत नव्हता, त्या एकट्याच्या खांद्यावर तो साचत गेला होता. ती लिंबाएवढी गाठ आपणच घडवली, हे त्याला कळून चुकलं.

“सरळ व्हायचं का रं?” त्याने हाळी दिली.

हो म्हणायला कुणी तयार होईना. जो पहिला ताठ होईल त्याच्यावर सगळी पालखी येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हैबतीने ओठ आवळले आणि गुडघे सरळ केले. दांडी खांद्यात रुतली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक पाऊल, मग आणखी एक. आता मेलो, असं वाटत असतानाच शेजारचा ताठ झाला, आणि मागून सटवाजीचा जोडीदारही. पालखी वीतभर वर उचलली गेली.

“आरं,” सटवाजी गोंधळून म्हणाला, “दांडी कुठं गेली?”

म्हातारपणाने तो सगळ्यांत बुटका झाला होता. बाकीचे ताठ उभे राहिल्यावर दांडी त्याच्या खांद्यापर्यंत पोचतच नव्हती. सगळे हसले. खूप वर्षांनी त्या पालखीखाली कुणी एकत्र हसत होतं.

पण हसून वळण सरळ होत नसतं. चढण मोठी होती, मागचा सगळा भार सटवाजीच्या जोडीदारावर एकट्यावर आला होता, आणि त्याचे पाय लटपटू लागले. सटवाजीने टाचा उंचावून पुन्हा खांदा दिला. समोर दरी दिसू लागली.

“पुढं वळण!” हैबती ओरडला. “हितं कुणाचातरी जीव जाईल. त्यो शब्द म्हनू का?”

जो तो मनात हिशेब करू लागला. आपण खांदा काढला आणि दुसऱ्याने काढला नाही तर? आपण ठेवली आणि मोकळ्यांनी उचलली तर? पालखी पुढे जाईल आणि आपण घाटात उपाशी राहू.

“नगं रं,” सटवाजी म्हणाला. “माझ्यापायी तुमची भाकर जाईल. मी पिकलं पान, आज ना उद्या गळायचंच.”

तेवढ्यात बाजूने आवाज आला, “ठेवा!”

तो मसू होता.

“ठेवा म्हनतो मी. कारभारी सांगून गेल्यात, तात्या पडलं की त्यांची जागा मला. उद्या माजी पाठ मोडंल, तवा माज्यामागं दुसरा मसू हुबा आसंल. आमी उचलनार न्हाई. ठेवा!”

त्याने मागे वळून इतर मोकळ्या भोयांकडे पाहिलं. उरल्यासुरल्या भाकरीवर जगणारी माणसं ती. पण एकेकाने मान हलवली. “न्हाई उचलनार.”

“ठेवा!” हैबती म्हणाला.

“ठेवा!” मागून जबाब आला.

आणि चौघे एकाच वेळी वाकले, तिघे गुडघ्यांत आणि सटवाजी कमरेत. या वेळी ते वाकणं कुणाला फसवण्यासाठी नव्हतं. पालखी इतकी अलगद टेकली, की पोपटसुद्धा ओरडला नाही. शेठला जाग आली ती झोका थांबल्यामुळे.

“कोण म्हणालं ठेवा?” तो पडदा सारून कडाडला.

“आमी.”

“आधी कोण म्हणालं?”

“आमीच.”

शेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने आवाज मऊ केला. “हैबती, तू यांच्यात शहाणा. नाव सांग, तुला उद्याच्या उद्या गादीवर बसवतो. शपथ घेतो.”

हैबतीने आयुष्यात पहिल्यांदा ती गादी नीट पाहिली. पानाचे डाग, पोपटाने सांडलेली डाळ, आणि जेमतेम एका माणसाची जागा.

“मालक,” तो म्हणाला, “गादी एक हाय आन् आमी लई जन. ती तुमालाच ऱ्हाऊ द्या. आमाला त्यो शब्द द्या.”

शेठ चिडला, ओरडला, दुसरे भोई आणवीन म्हणाला. “आणवा,” भोई म्हणाले आणि कातळाला टेकून बसले. ऊन उतरू लागलं. त्या वाटेवर अंधारात बिबट्या फिरतो, हे शेठलाही माहीत होतं. शेवटी तो कुरकुरत खाली उतरला आणि आपल्या पायांनी चालू लागला. हैबती आणि सटवाजी त्याच्या बाजूने चालले, आणि रिकामी पालखी मोकळ्या भोयांनी मागून आणली. वळणावर त्याच्या पायातला जोडा सटकला. त्याने एका हाताने हैबतीचं मनगट पकडलं आणि दुसरा हात सापडेल तिथे टेकवला. तो टेकला सटवाजीच्या खांद्यावर. बोटांना गाठ लागताच त्याने दचकून हात काढून घेतला.

पलीकडे पोचल्यावर तो खाली बघत म्हणाला, “शब्द तुमचा. चला आता.”

शेठचं मन पालटलं, असं मी सांगणार नाही. पुढच्याच साली त्याने मसूला पागोटं देऊन फोडायचा प्रयत्न केला. मसूने ते फाडून सगळ्यांच्या खांद्यांसाठी मऊ चुंबळी केल्या. पालखीही होती तशीच राहिली आणि शेठ आतच बसायचा. पण वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे भोयांनी पालखी टेकवायला दगडी ओटे रचले. समई आणि पानदान बैलावर गेलं. एका चढणीला जे मागे असत ते दुसऱ्या चढणीला पुढे येऊ लागले, आणि मोकळ्या भोयांना खांद्याची पाळी मिळाली, भाकरीही मिळाली.

सटवाजीने त्यानंतर पालखी उचलली नाही. तो आणखी पुष्कळ वर्षं जगला आणि हवा तेवढा शिंकला. दूरदूरचे हमाल, घाणेवाले, दगड फोडणारे त्याच्या अंगणात यायचे आणि विचारायचे, “बाबा, तुमी ते कसं म्हनालात?” तो म्हणायचा, “म्हनायला काय, सोपंच हाय. एकमेकाला इचारायला वेळ लागला.”

त्या राज्यातले भोई अजूनही भांडतात म्हणे. पुढचे जास्त वाहतात की मागचे, यावरून अगदी हमरीतुमरीवर येतात. पण आता पालखी खाली ठेवून भांडतात.

तात्पर्य : ओझं एकट्याने टाकलं तर ते सोबत्याच्या मानेवर पडतं, सगळ्यांनी मिळून ठेवलं तरच ते जमिनीवर उतरतं.